फिकट गुलाबी गुलाब आणि जिप्सोफिला: लग्नाची फुलरचना टप्प्याटप्प्यानं

लाल गुलाब चुका पोटात घालतो. फिकट गुलाबी गुलाब घालत नाही. नख लागलं, थेंब पडला, दुसऱ्या दांडीचा काटा घासला, की काही तासांत तिथे तपकिरी खूण उमटते. शेजारी बारीक फुलांच्या तुऱ्यांचं पांढरंशुभ्र जिप्सोफिला असलं की ती आणखी उठून दिसते. म्हणून या जोडीचं निम्मं काम कात्री हातात घेण्याआधीच संपवावं लागतं.

गोंधळ बहुतेक वेळा तीनच ठिकाणी होतो. फुलं आदल्या संध्याकाळी आणली जातात, जिप्सोफिला ‘उरलेली भोकं बुजवायला’ सगळ्यात शेवटी खोचलं जातं आणि ताजेपणासाठी वरून पाणी शिंपडलं जातं. तिन्ही सवयी सोडल्या तर बाकीचं काम हाताला बसतं. बाजारात जिप्सोफिलाला नुसतं ‘जिप्सो’ म्हणतात, इथेही तेच नाव वापरलं आहे.

## टप्पा १: आधी मोजणी, मग खरेदी

अंदाजानं ‘चार-पाच गड्ड्या’ आणू नका. कुठे किती फुलं लागणार ते कागदावर मांडा. पुढची मापं मध्यम भरलेल्या रचनेची आहेत:

- टेबलावरचा वाडगा (तोंड १५ सेंमी, खोली १० ते १२ सेंमी): गुलाब ११, जिप्सोच्या दांड्या ४
- हातात धरायचा गोल गुच्छ (व्यास साधारण २५ सेंमी): गुलाब २०, जिप्सो ६
- कोटावरचं फूल: गुलाब १, जिप्सोचे दोन छोटे तुरे

समजा दहा वाडगे, एक गुच्छ आणि कोटावरची सहा फुलं करायची आहेत. गुलाब झाले ११० + २० + ६, म्हणजे १३६. त्यावर १५ टक्के जास्त धरा, कारण काही मानेत वाकतील, काहींवर डाग निघतील आणि एखाददुसरा आपल्याच हातून मोडेल. म्हणजे साधारण १५६. गड्डी वीसची असेल तर आठ गड्ड्या. गड्डीत किती नग आहेत ते विचारूनच घ्या, सगळीकडे वीसच असतात असं नाही. जिप्सोच्या दांड्या ४० + ६, आणि कोटावरच्या छोट्या तुऱ्यांसाठी एक, म्हणजे ४७ लागतील, पन्नास-बावन्न घ्या.

जिप्सोच्या दांडीचा मात्र भरवसा नसतो. एक दांडी झाडासारखी फांद्यांनी भरलेली, तर दुसरीला जेमतेम तीन तुरे. बारीक माल मिळाला तर वरचा आकडा दीडपट करा.

तपासा: फुलं ज्या दिव्यांखाली दिसणार आहेत, त्याच तऱ्हेच्या दिव्याखाली एक गुलाब आधी धरून पाहा. पिवळसर दिव्यात फिकट गुलाबी रंग पीचकडे किंवा क्रीमकडे झुकतो, थंड पांढऱ्या दिव्यात राखाडी वाटू लागतो. समारंभ संध्याकाळचा आणि दिवे पिवळे असतील तर दिवसा किंचित गडद वाटणारा गुलाब निवडा.

## टप्पा २: फुलं निवडणं

गुलाब समारंभाच्या तीन दिवस आधी हातात हवेत, जिप्सो दोन दिवस आधी आलं तरी चालतं. लांब दांडीचा डच गुलाब कळीच्या अवस्थेत तोडलेला असतो आणि पूर्ण उमलायला त्याला दोन-तीन दिवस लागतात. आदल्या रात्री आणलेल्या कळ्या सकाळी कळ्याच राहतात. मग रचनेत फूल कमी आणि हिरवा दांडाच जास्त दिसतो. ‘स्वीट अ‍ॅव्हलांच’सारखी मोठ्या फुलाची फिकट जात असेल तर हे तीन दिवस आणखी महत्त्वाचे, कारण उमलल्यावरच तिची पाकळी मोकळी होते.

गुलाब पाहताना डोळ्यांपेक्षा बोटं जास्त सांगतात. निदलांच्या (फुलाखालच्या छोट्या हिरव्या पानांच्या) वर, फुलाच्या बुडाशी दोन बोटांनी हलकेच दाबा. घट्ट लागलं तर ताजं, स्पंजासारखं दबलं तर जुनं. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट किंवा कडेला वाळक्या असणं हा दोष नाही. त्या आतल्या पाकळ्यांचं रक्षण करतात आणि शेवटच्या दिवशी काढायच्याच असतात. पण आतल्या पाकळ्यांवर सुईच्या टोकाएवढे करडे-तपकिरी ठिपके दिसले तर गड्डी परत करा. ती करडी बुरशी असते. दमट जागी बांधून ठेवल्यावर ती एका रात्रीत पसरते आणि तिला उपाय नाही.

जिप्सोचे निम्मे ते दोन-तृतीयांश तुरे उमललेले हवेत. हिरव्या बारीक कळ्यांनीच भरलेली दांडी नंतर फारशी उमलत नाही. गड्डी प्लॅस्टिकमध्ये असेल तर आत हात घालून पाहा. मधोमध ओल किंवा ऊब लागली, तुरे एकमेकांना चिकटून पिवळट झाले असले, तर तो माल नको. ‘मिलियन स्टार्स’सारख्या जातीची फुलं ठिपक्यांएवढी बारीक असतात आणि रचना धुक्यासारखी दिसते. ‘एक्सलेन्स’चं फूल मोठं, भरगच्च. दोन्ही चांगल्या, पण एकाच वाडग्यात मिसळू नका.

सावधान: रंग दिलेलं गुलाबी जिप्सो घेऊ नका. ओल लागली की रंग सुटतो आणि कपड्यांवर उतरतो.

## टप्पा ३: बादल्या, पाणी आणि पहिला काप

कापलेलं फूल बहुतेक वेळा पाण्याअभावी मरत नाही. पाणी समोर असतं, पण वर जाणारी वाट तुंबलेली असते. ती तुंबवतात दोनच गोष्टी, हवेचा बुडबुडा आणि जिवाणू.

१. बादल्या प्लॅस्टिकच्या घ्या. साबणानं घासा, मग एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी या मिश्रणानं विसळा आणि शेवटी साध्या पाण्यानं धुवा. जस्ताची बादली टाळा, फ्लॉवर फूडमधल्या (फुलं टिकवायला पाण्यात घालायच्या पुडीतल्या) आम्लाची धातूशी प्रक्रिया होते.

२. कोमट पाणी भरा, साधारण ४० अंश सेल्सिअस, म्हणजे हाताला सोसवेल इतकं. फ्लॉवर फूड पुडीवर लिहिलेल्या मापानंच घाला. एक पुडी तीन बादल्यांत पुरवणं हा चुकीचा काटकसरीपणा आहे. त्यात साखर असते आणि जिवाणू रोखणारं द्रव्यही. पातळ केलं की दुसऱ्याचा जोर उरतो नगण्य, आणि साखरेवर जिवाणूंचीच मेजवानी होते.

३. पाण्यात बुडणारी सगळी पानं काढा. काटे फक्त पाण्याखाली येणारे आणि मुठीत येणारे काढा, तेही बोटाच्या बाजूच्या दाबानं किंवा जाड कापडानं. लोखंडी साधनानं दांडी खरवडली की साल सोलली जाते आणि त्या प्रत्येक जखमेतून जिवाणू आत शिरतात.

४. धारदार सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) किंवा चाकूनं दांडी खालून २ ते ३ सेंमी तिरपी कापा आणि लगेच, खरोखर लगेच, पाण्यात ठेवा. सगळी गड्डी कापून ओट्यावर मांडायची आणि मग बादली शोधायची असं केलं तर काप फुकट गेला.

५. जिप्सोलाही हेच, पण वेगळ्या बादलीत. त्याची गड्डी सोडवताना वरून तुरे ओढू नका. बांधलेली दोरी सोडा, दांड्यांची टोकं हातात धरून गड्डी उलटी करा आणि हलके झटके द्या. जाळं आपोआप सुटतं. वरून ओढलं तर निम्मे तुरे जमिनीवर.

गुलाब किमान चार तास आणि शक्यतो रात्रभर पाण्यात राहू द्या. वेष्टणाचा कागद लगेच काढू नका. तो फुलांना सरळ धरून ठेवतो, तोवर माना ताठ होतात.

तपासा: सहा तासांनंतरही मान खाली असलेला गुलाब गेला असं समजू नका. दांडी पुन्हा ३ सेंमी कापा, फुलाला कागदात सरळ गुंडाळा आणि दांडी जवळजवळ पूर्ण बुडेल इतक्या कोमट पाण्यात तासभर ठेवा. ताजा गुलाब बहुधा उठतो. नाही उठला तर तो त्या १५ टक्क्यांतला.

## टप्पा ४: उमलवणं आणि थोपवणं

लग्नाच्या दिवशी गुलाब कसा हवा? वाडग्यात आणि गुच्छात तो तीन-चतुर्थांश उमललेला, ६ ते ७ सेंमी रुंद हवा. मधल्या पाकळ्यांचं कुलूप अजून बंद, बाहेरच्या पाकळ्या मागे वळू लागलेल्या. कोटावर मात्र अर्धवट मिटलेलाच लावा.

दोन दिवस आधी संध्याकाळी पाहा. कळ्या घट्ट असतील तर पाणी बदलून पुन्हा कोमट भरा आणि बादल्या उजेडाच्या, ऊबदार खोलीत आणा. ऊन थेट लागू देऊ नका. फार पुढे गेले असतील तर गार, अंधाऱ्या खोलीत न्या. पाणी रोज बदला, प्रत्येक वेळी दांडीचा एक सेंमी काप घ्या.

घरचा फ्रिज हा मोह टाळा. फळांमधून निघणारा इथिलीन वायू जिप्सोचे तुरे सुकवतो आणि गुलाब अकाली म्हातारा करतो. शिवाय मागच्या भिंतीला टेकलेली पाकळी गोठते आणि काचेसारखी पारदर्शक होऊन गळते. फुलांसाठीचं शीतगृह २ ते ४ अंशांवर असतं आणि तिथे फळं नसतात, फरक एवढाच, पण सगळा. पंख्याचा झोतही नको.

सावधान: फुलांवर फवारा मारू नका. दोन पाकळ्यांच्या मध्ये अडकलेला थेंब रात्रभर तिथेच राहतो आणि सकाळी तिथे तपकिरी वर्तुळ असतं. ओलं जिप्सो तर दाबलेल्या कापसासारखं होतं आणि काळवंडतं.

## टप्पा ५: टेबलावरचा वाडगा

वाडगे आदल्या दिवशी दुपारनंतर करता येतात. आधार म्हणून फोमपेक्षा (दांड्या खोचायच्या, पाणी शोषणाऱ्या ठोकळ्यापेक्षा) टेपची जाळी सोपी आणि स्वस्त, फुलंही खऱ्या पाण्यात राहतात.

१. वाडगा कोरडा असताना तोंडावर ६ मिमी रुंदीची पारदर्शक टेप लावा. चार पट्ट्या आडव्या, चार उभ्या. चौकोन साधारण ३ सेंमीचे होतात. टोकं कडेवरून खाली फक्त एक सेंमी येऊ द्या, मग कडेभोवती एक पट्टी फिरवा. पाणी आधी भरलं आणि कड ओली झाली तर टेप सुटणारच, आणि ती हमखास शेवटचा गुलाब खोचताना सुटते.

२. जाळीतून फ्लॉवर फूडचं पाणी कडेपासून २ सेंमी खालीपर्यंत ओता.

३. आता जिप्सो, गुलाबाच्या आधी. एका दांडीचे चार-पाच तुरे करा, प्रत्येक १५ ते १८ सेंमीचा. खालचे ७ ते ८ सेंमी साफ करा. पहिली फेरी कडेनं, बाहेर झुकलेली, टेप झाकेल अशी. दुसरी फेरी आत, जास्त उभी. मध्ये दोन-तीन तुरे सगळ्यात उंच. वाडगा फिरवत राहा, एकाच बाजूनं उभं राहून केलं तर पाठ उघडी पडते.

या क्रमाला कारण आहे. जिप्सोच्या फांद्या तारेसारख्या ताठ आणि टोकदार. गुलाब आधी लावून त्यांच्यामध्ये जिप्सो घुसवलं तर प्रत्येक फांदी पाकळीवर एक बारीक ओरखडा काढते. तेव्हा काहीच दिसत नाही. सकाळी तपकिरी रेघा दिसतात आणि सगळे म्हणतात माल खराब होता. शिवाय आधी लावलेलं जिप्सो दुसरी जाळी होऊन गुलाब सावरतं.

४. गुलाबाच्या दांड्या १४ ते १८ सेंमी ठेवा, सगळ्या एका मापाच्या कापू नका. डाव्या हाताच्या बोटांनी जिप्सो बाजूला सारा, उजव्या हातानं गुलाब दांडीला धरून आत सोडा. डोक्यावर अंगठा ठेवून दाबायचं नाही. अंगठ्याचा ठसा उमटायला दोन-तीन तास लागतात, म्हणून चूक कळत नाही.

५. अकरा गुलाब सारख्या अंतरावर पेरू नका, तसं केलं की ठिपक्यांचं कापड दिसतं. तीनांचा एक घोळका, थोडं दूर तीनांचाच दुसरा, त्यापलीकडे दोन, उरलेले तीन सुटे आणि कडेला खाली झुकलेले. घोळक्यातही एक पुढे, एक मागे, एक किंचित खाली.

उंची टेबलापासून ३० सेंमीच्या आत असावी, म्हणजे समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांचे चेहरे दिसतात. उंच रचना हवी असेल तर सरळ ६० सेंमीच्या वर जा. मधली उंची सगळ्यात वाईट.

फोम वापरणारच असाल तर तो पाण्यावर सोडा आणि स्वतःहून बुडू द्या. मिनिट-दोन मिनिटांत बुडतो. हातानं दाबला तर पोटात कोरडा राहतो, त्या भागातले गुलाब आधी माना टाकतात. एकदा खोचलेली दांडी मागे ओढू नका, टोकाखाली हवेची पोकळी होते. चुकलं तर काढा आणि नवी जागा घ्या. फोमचा चुरा हे सूक्ष्म प्लॅस्टिकच असतं, मोरीत ओतू नका.

तपासा: हात वाडग्यावरून चार बोटं उंच फिरवा आणि डोळे टेबलाच्या पातळीवर आणा. टेप दिसते का? गुलाबाचा हिरवा गळा उघडा पडला आहे का? दोन्हीला औषध जिप्सोचा एखादा आखूड तुरा, पण तो कडेनं खालून घाला, पाकळ्यांवरून नाही.

## टप्पा ६: हातातला गुच्छ

हा समारंभाच्या सकाळी करा. दांड्या ४० सेंमीच्या घ्या. गुलाबाच्या आणि जिप्सोच्या खालच्या २० सेंमीवर एकही पान, एकही फांदी ठेवू नका. जिप्सोची उपफांदी मुठीच्या जागी राहिली तर मूठ दुप्पट जाड होते आणि मध्ये पोकळ्या पडतात.

डाव्या हातात एक गुलाब उभा धरा, शेजारी जिप्सोचा तुरा. पुढची प्रत्येक दांडी तिरपी, डोकं डावीकडे आणि टोक उजवीकडे, आधीच्या दांडीच्या वरून ठेवा. दर दोन-तीन दांड्यांनंतर गुच्छ मुठीतल्या मुठीत एकाच दिशेनं थोडा फिरवा. एकही दांडी उलट तिरपी गेली की ती बाकीच्यांना अडकते, मोडते आणि गोलाई बिघडते. उलट गेली असं वाटलं तर ती काढा. पुढच्या दांड्यांनी झाकून टाकू असं म्हणू नका.

एक गुलाब, एक तुरा असा पाळीपाळीनं क्रम चालतो, पण अगदी यंत्रासारखा नको. बहुतेक जिप्सो गुलाबाच्या खांद्याशी, एक सेंमी खाली राहावं. तीन-चार तुरे मात्र दोन सेंमी वर डोकावू द्या. मूठ ढिली ठेवा. घट्ट पकडली की गुलाब एकमेकांवर चेपले जातात.

बाहेरच्या फुलांच्या खाली ८ ते १० सेंमीवर सुतळीचे चार वेढे घेऊन गाठ मारा. गाठीखाली १५ ते १८ सेंमी ठेवून दांड्या एका रेषेत कापा.

तपासा: गुच्छ टेबलावर दांड्यांवर उभा करा. स्वतःच्या पायांवर उभा राहिला तर तिरपा वळसा जमला. कलंडला तर कुठेतरी दांडी उलटी आहे.

रिबन आत्ता नाही. गुच्छ पाण्यात ठेवा. निघायच्या अर्धा तास आधी दांड्या कोरड्या पुसा, रिबन वरून खाली गुंडाळा आणि शेवटचे ३ ते ४ सेंमी उघडे सोडा, म्हणजे मधल्या वेळेत गुच्छ पेल्यातल्या इंचभर पाण्यात ठेवता येतो. टाचण्या सरळ आत नको, दांड्यांना समांतर, वरच्या दिशेनं तिरप्या घाला. टोक दुसऱ्या बाजूनं बाहेर आलं तर ते आधी तळहाताला कळतं, मग पांढऱ्या कपड्याला. प्रत्येक टाचणीनंतर मूठ फिरवून पाहा.

## टप्पा ७: कोटावरचं फूल

याला पाणी मिळत नाही, म्हणून समारंभाच्या चार तास आधीच करा, त्याहून लवकर नाही. दांडी ४ सेंमी ठेवा. फुलाखालच्या हिरव्या गाठीतून ०.७ मिमीची तार आरपार घाला, दोन्ही टोकं खाली वळवा. जिप्सोचे दोन तुरे फुलाच्या मागे ठेवा. पुढे ठेवले तर पहिल्याच मिठीत चुरा होतो. फ्लोरल टेप ताणत ताणत गुंडाळा, ताणल्याशिवाय तिचं मेण चिकटत नाही. एकूण लांबी ९ ते १० सेंमी.

झाकणाच्या डब्यात तळाशी किंचित ओलसर टिश्यू, त्यावर कोरडा कागद, त्यावर फुलं. लावताना दोन टाचण्या, एकीवर फूल गरगर फिरतं.

## टप्पा ८: नेआण आणि शेवटचा हात

नेताना वाडग्यात अर्धंच पाणी ठेवा, बाकी जागेवर पोहोचल्यावर भरा. खोक्यात वाडग्याभोवती चुरगळलेला कागद घट्ट ठासा. वाडगे एकमेकांना टेकतील इतके जवळ नको, जिप्सो एकमेकांत गुंततं आणि उचलताना तुटतं. गाडी आधी थंड करा, मग फुलं आत ठेवा. उन्हात उभ्या गाडीत दहा मिनिटंही नाहीत.

जागेवर गेल्यावर आधी पाणी पूर्ण भरा. मग गुलाबाच्या बाहेरच्या रखवालदार पाकळ्या काढा. पाकळी बुडाशी धरा आणि बाजूला फिरवत खाली मोडा. वर ओढली तर फाटते आणि हिरव्या गाठीवर चिंधी राहते. एका फुलाच्या दोन, फार तर तीन. चौथी काढली की फूल सैल पडू लागतं.

खोली लहान आणि बंद असेल तर एक श्वास घेऊन पाहा. जिप्सो ढिगानं असलं की त्याला आंबूस वास येतो. वास जाणवला तर प्रत्येक वाडग्यातून एक-दोन तुरे कमी करा आणि पाणी बदला, अत्तर मारू नका. आणि केकवर सजावटीला तुरे मागितले गेले तर नाही म्हणा. जिप्सोमध्ये सॅपोनिन हे पोटाला त्रासदायक द्रव्य असतं, ते खाद्यपदार्थाला लागता कामा नये.

सोबत बारीक कात्री, सुतळी, टाचण्या, कोरडा मऊ कपडा, लांब चोचीची पाण्याची बाटली आणि पाण्यात ठेवलेले दहा-बारा जादा गुलाब न्या. डाग पडलेला गुलाब काढताना जिप्सो एका हातानं दाबून धरा, दांडी सरळ वर ओढा आणि त्याच भोकात नवा सोडा. पाणी भरताना बाटलीची चोच जिप्सोच्या खाली, थेट कडेला टेकवा. दहाव्या वाडग्यापर्यंत हात दमलेला असतो आणि थेंब पाकळीवर पडतो तो तिथेच. पडलाच तर पुसू नका, घासल्यानं डाग वाढतो. कपड्याचं टोक थेंबाला लावा, तो शोषला जाईल.